माडाला मीठ चालतं

आधीच सांगून टाकते, मीठ मी घातलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी काशीबाई, समुद्रकाठच्या मुरब्याची. तीस वर्षं बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकली. गुडघे गेले तेव्हा माझा सुजीत बोलला, आई, आता बस झालं, आणि मला त्याच्या बेटेगावच्या फ्लॅटवर घेऊन आला. दुसरा मजला, दोन खोल्या, रस्त्याकडे एक मोठी खिडकी. सुजीत एमआयडीसीत कामाला, त्याची बायको चारुता पण तिकडेच एका कंपनीच्या लॅबमध्ये. दोघं सकाळी डबे घेऊन निघाली की संध्याकाळपर्यंत घरात मी आणि ते झाड.

रबराचं झाड. माझ्या छातीएवढं उंच, पानं तळहाताहून मोठी, काळपट हिरवी, तेल लावल्यासारखी चकचकीत. रंगाच्या जुन्या बादलीत लावलेलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसायला आलं. ना फूल, ना फळ, ना कालवणात टाकायला पान. म्हटलं, हे काय पाळलंय हिने? पण रविवारी चारुता ओल्या फडक्याने एकेक पान पुसायला बसायची, तेव्हा तिच्या तोंडाकडे बघून माझी जीभ आपोआप आत जायची. आणि माझी जीभ सहसा आत जात नाय, हे बाजारात कोणालाही विचारा.

कारण असं होतं. चारुता माकुणसारची, बागायतदाराची पोर. तिचे वडील शांतारामभाऊ. पानवेलीची वाडी, चिकू, माड, विहीर, सगळं राखून असलेला माणूस. पोरीने मासेवालीचा पोरगा पसंत केला आणि त्यांनी तोंड फिरवलं ते फिरवलंच. लग्नाला कोणी आलं नाय. चार वर्षांत फोन नाय, निरोप नाय. चारुता घरातून निघाली ती एका हातात कपड्यांची बॅग आणि दुसऱ्या हातात ही बादली घेऊन. ती बारावी झाली तेव्हा बापाने स्वतः त्या झाडाची गुटी बांधून दिली होती. फांदीची साल गोल सोलायची, त्यावर ओला काथ्या गुंडाळायचा, वर प्लास्टिक बांधायचं, आणि मूळ फुटेपर्यंत दोन-अडीच महिने वाट बघायची. बादलीला भोकंसुद्धा बापानेच पाडलेली. बापाचं म्हणून तिच्याकडे तेवढंच उरलं होतं. ती हे कधी बोलली नाय, पण मी काय आंधळी हाय?

गेल्या दिवाळीत सुजीतने सोफा आणला. सोफा खिडकीखालीच मावत होता, म्हणून झाड उचलून फ्रिजच्या बाजूला कोपऱ्यात ठेवलं. आठ दिवसांनी मी भाकऱ्या थापत होते आणि बाहेर कायतरी पडलं. रबराचं पान पडतं तेव्हा आवाज येतो, चपलेसारखा. जाऊन बघितलं तर खालचं एक पान पिवळं होऊन लादीवर पडलेलं. दोन दिवसांनी दुसरं.

चारुताने मोबाईल उघडला. एकाने सांगितलं पाणी जास्त झालं, दुसऱ्याने सांगितलं कमी झालं. तिसरा बोलला उजेड नाय, चौथा बोलला थंडी वाजते. मग सकाळी झाड गॅलरीत, दुपारी आतल्या खोलीत, संध्याकाळी परत फ्रिजजवळ. सगळ्या घरभर फिरायला लागलं ते, जसं काय फ्लॅट विकत घ्यायला आलंय. आणि जेवढं फिरलं तेवढी पानं टाकत गेलं.

आता माझं ऐका. मुरब्याला आमच्या घरामागे तीन माड हायत. माड मलूल झाला, कोवळे नारळ गळायला लागले, की माझी सासू बुंध्याभोवती जाडं मीठ घालायची. मी पण घातलं. आमच्या सगळ्या किनाऱ्यावर घालतात, आणि माड तरतरीत होतो. हे माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. मग मी काय करणार? मोबाईलवाल्यांनी पोरीला वेड लावलं होतं, म्हटलं आपण आपल्या हाताने बरं करू आणि मग सांगू. चारुता कामाला गेली की मूठभर जाडं मीठ बादलीत. त्यावर खारी मासळी भिजवलेलं पाणी. ते पण वाया कशाला घालवायचं? लादी खराब व्हायला नको म्हणून बादलीखाली एक खोल ताट ठेवलं, म्हणजे पाणी त्यातच राहील. असं महिन्याभरात चार वेळा केलं. करायला गेले गणपती आणि झालं माकड.

एकोणीस पानांची पाच राहिली. त्या पाचांच्या पण कडा करपल्यासारख्या तपकिरी. एका संध्याकाळी चारुताने लादीवरची तीन पानं उचलली, फेकली नाय, पुसली आणि पेपरमध्ये घालून कपाटात ठेवली. तेव्हा मला दिसलं, तिकडे अशा पानांचा गठ्ठाच होता.

"आई, गेलं वाटतं हे," ती बोलली. रडली नाय. चहा टाकायला आत गेली. मी मूग गिळून सोफ्यावर बसून राहिले. त्या दिवशी मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मिठाला घाबरले. झाड मेलं तर तिच्याकडे बापाचं कायच उरणार नाय, आणि घालवणारी मी, तिची सासू, जिला ती तिच्या आईसारखं वागवते.

दुसऱ्या दिवशी दोघं कामाला गेल्यावर मी लुगडं बदललं, गळालेलं एक पान पिशवीत घातलं आणि निघाले. बोईसरहून पालघर, पालघरला एस.टी. बदलून माकुणसार. कोणाला सांगितलं नाय. सांगितलं असतं तर सुजीतने अडवलं असतं.

वाडी विचारत विचारत पोचले. फाटकातून बघितलं तर आत हिरवा अंधार, वर चढलेल्या पानवेली, खाली थंडगार ओली माती, पाटातून पाणी सरकतंय. मी चपला फाटकाबाहेर काढल्या आणि आत पाऊल टाकलं. समोर एक उंच, वाळकुडा माणूस पानं खुडत होता. नाकावर चष्मा, अंगात गंजी. त्याने आधी माझ्या पायांकडे बघितलं.

"चपला काढायला कोणी सांगितलं?" तो बोलला.

"कोणी नाय. पानवेलीत काढतात एवढं ठाऊक हाय. आमच्या होडीवर पण आमी चपला घालून चढत नाय."

"होडीवर?" शांतारामभाऊंनी खुडलेली पानं टोपलीत ठेवली. मी कोण ते त्यांना तेवढ्यात कळलं, तोंडावरून दिसलं मला.  मी लांबण लावली नाय. पिशवीतलं पान काढून त्यांच्या हातात दिलं.

पान त्यांनी उजेडाला धरलं. करपलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, पान उलटं केलं, देठ बघितला. मग पान नाकाजवळ नेलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मीठ कोणी घातलं?"

मला वाटलं जमिनीने मला पोटात घ्यावं. "मी घातलं," मी बोलले. "माडाला घालतो तसं."

"माडाला मीठ चालतं, बाई. माड समुद्राच्या काठचा, त्याला त्याची सवय हाय. हे झाड डोंगरातल्या पावसाचं. मिठाने त्याच्या मुळांना तहान लागते. पाणी समोर असून पिता येत नाय त्याला." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण प्रत्येक शब्द मोजून मारलेला. "किती घातलं?"

"चार मुठी. आणि खाऱ्या मासळीचं पाणी."

त्यांनी डोळे मिटले. मग विचारायला लागले. जागा कितीदा बदलली? खाली ताट हाय का? पाणी कुठलं, बोरचं का नळाचं? खोड सुरकुतलंय का? शेंड्याला कोंब हाय का? एकामागून एक, पोलिसासारखं. मी सगळं सांगितलं आणि सांगता सांगता माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला.

"भाऊ," मी बोलले, "झाडाचं सगळं विचारलंत. खोड विचारलं, शेंडा विचारला. पोर कशी हाय ते नाय विचारलंत."

पाटातलं पाणी तेवढं वाजत होतं. मागे घराच्या दारात एक बाई उभी होती, पदर तोंडाशी धरलेला. ती शालूताई, चारुताची आई. ती कधी येऊन उभी राहिली ते मला कळलंच नव्हतं.

 शांतारामभाऊ वळले आणि चालायला लागले. मला वाटलं, झालं, आता परत एस.टी. पण थोडं पुढे जाऊन त्यांनी मागे बघितलं आणि मानेने 'या' केलं. मी मागोमाग गेले.

विहिरीजवळ रबराचं मोठं झाड होतं, आमच्या झाडाची आई. त्याखाली ते उभे राहिले आणि हिरवं ताजं एक पान खुडलं. देठातून पांढरा चीक टपटप गळायला लागला. फांदीला जखम झाली तिकडून पण चीक. माझ्या पायावर एक थेंब पडला.

"हे मी तोडलं," ते बोलले. मग खाली वाकून एक पिवळं, आपोआप गळालेलं पान उचललं आणि देठाचं टोक माझ्यासमोर धरलं. कोरडं. गुळगुळीत. चिकाचा एक थेंब नाय. फांदीवर ज्या जागी ते होतं तिकडे बोट नेलं तर तिकडे पण कोरडी खूण, बुजलेल्या खपलीसारखी. "आणि हे झाडाने सोडलं."

मला कळलं नाय.

"पान पडत नाय, बाई. पान झाड टाकतं. टाकायचं ठरलं की आधी पानातलं चांगलं सगळं परत आत ओढून घेतं, म्हणून पान पिवळं होतं. मग देठाच्या बुडाशी आतून एक पातळ पडदा बांधतं. दार लावून घेतं. ते पुरं झालं की मगच पान सुटतं. म्हणून चीक नाय, जखम नाय."

मी त्या कोरड्या टोकाकडे बघत राहिले. पासष्ट वर्षांची झाले मी, आयुष्यभर झाडाखाली पानं पडलेली बघितली, झाडून काढली, जाळली. पडतं ते पडतं, एवढंच मला ठाऊक. आणि हे मुकं झाड प्रत्येक पानामागे असं दार लावत होतं! माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाय सांगत.

मग ते मला एका चिकूजवळ घेऊन गेले. वाऱ्याने मोडलेली एक फांदी अजून सालीला लोंबत होती. सगळी पानं वाळून खाकी झालेली, पण सगळी जागच्या जागी. "हलवा," ते बोलले. मी फांदी धरून गदागदा हलवली. वाळकी पानं खळखळ वाजली. एक पान पडलं नाय.

"ही फांदी मेली," शांतारामभाऊ बोलले. "हिच्यात पान सोडायची ताकद राहिली नाय. मेलेल्या फांदीचं पान गळत नाय. ते वाळतं आणि चिकटून राहतं. तुमच्या झाडाने चौदा पानं टाकली ना? म्हणजे चौदा वेळा त्याने आत काम केलंय. ते जिवंत हाय."

मला माझा नवरा आठवला, पुंडलिक. तांडेल होता, होडीचा म्होरक्या, गेला त्याला सात वर्षं झाली. एका वादळात त्याने नवंकोरं जाळं कोयत्याने तोडून समुद्रात सोडून दिलं होतं आणि होडी घेऊन घरी आला होता. मी त्याला आठ दिवस शिव्या घातल्या. तो एवढंच बोलायचा, होडी हाय तर जाळं विणता येतं, काशी. तेव्हा मला ते पटलं नव्हतं. त्या चिकूखाली पटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं पण नाय.

"मग आता काय करायचं?" मी विचारलं.

"मीठ धुवून काढायचं. गोड्या पाण्याने, बादल्या बादल्या पाण्याने. ताट फेकून द्या. पयली जागा होती तिकडे ठेवा आणि मग हात लावू नका. सगळ्यात कठीण तेच हाय."

"मला नाय जमणार. तुमी या."

"मला वाडी हाय."

"वाडी चार वर्षं होतीच," मी बोलले. माझ्या जिभेला हाड नाय, काय करू? शालूताईने मला आत नेऊन चहा दिला.  निघताना तिने माझ्या पिशवीत पानाचा विडा आणि पाच शहाळी कोंबली. तिला बोलायचं खूप होतं, पण ती एवढंच बोलली, "ती अजून चहात आलं जास्त घालते का?" मी बोलले, "जीभ भाजेपर्यंत." ती हसली आणि रडली पण.

मंगळवारी दुपारी एक वाजता दाराची बेल वाजली. दारात शांतारामभाऊ. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी. चारुता कामावर असते ती वेळ त्यांनी बरोबर काढली होती. शालूताईने चहा देताना माझ्याकडून सगळं काढून घेतलं होतं, घराचा पत्ता, कामाची वेळ, घरी यायची वेळ. मला हसू आलं, पण या वेळी मी जीभ आवरली.

ते झाडाजवळ गेले. पाच पानांचं ते बोडकं खोड. मग खाली बसले, नखाने खोडाची साल केसभर खरवडली. आतून हिरवं दिसलं, ओलं हिरवं. चिकाचा एक बारीक थेंब वर आला. त्यांनी तो बोटावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. बुंध्याशी एक गोल वळ होता, त्यांनी गुटी बांधली होती तिकडचा. त्यावरून त्यांचा अंगठा दोनदा फिरला.

आमच्या बोरचं पाणी मचूळ, म्हणून मी प्यायच्या पाण्याचे चार जार मागवले. बादली मोरीत नेली, खाली दोन विटा ठेवल्या, आणि शांतारामभाऊ तांब्याने हळूहळू पाणी घालायला लागले. एका दमात नाय. घालायचं, खालून निथळू द्यायचं, परत घालायचं. खालून पडणारं पाणी त्यांनी ओंजळीत धरलं, बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"बघू," मी बोलले आणि मी पण लावलं. बाप रे, मासळी खारवतात त्या पिंपातलं पाणी. हे त्या बिचाऱ्या झाडाला मी महिनाभर पाजत होते. मी त्या झाडाला हात जोडले, मोरीत, ओल्या लुगड्याने, मला लाज वाटली नाय.

पहिला जार संपला, खारट. दुसरा संपला, खारट पण कमी. मग ते मलाच विचारायला लागले, कारण मिठाची जीभ माझी. "काय वाटतं?" "अजून हाय, भाऊ." तांब्या ओता, थांबा, चाखा. दोन म्हातारी माणसं मोरीत बसून झाडाचं पाणी चाखतायत, कोणी बघितलं असतं तर ठाण्याच्या वेड्यांच्या दवाखान्यात नेलं असतं. पण मला त्या वेळी दुसरं कायच सुचत नव्हतं. मातीच्या आत काय चाललं असेल, ती बारीक मुळं पहिला घोट कसा घेत असतील, हेच सारखं मनात येत होतं.

चौथा जार अर्धा झाला तेव्हा मी बोट जिभेवर ठेवलं आणि थांबले. परत चाखलं. "गोडं हाय," मी बोलले.

तेवढ्यात दाराला किल्ली लागली. साडेपाच कधी झाले ते दोघांना कळलंच नव्हतं.

चारुता मोरीच्या दारात येऊन उभी राहिली. खांद्यावर ऑफिसची बॅग, हातात डबा. आत तिचा बाप उकिडवा बसलेला, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर, पँट भिजलेली.  झाडाखालून पाणी निथळत होतं, थेंब थेंब.

शांतारामभाऊंनी वर बघितलं नाय. बादलीकडे बघत बोलले, "तीच बादली ठेवलीस."

"तुमी भोकं पाडलेली ना," चारुता बोलली. लग्नानंतर माझ्यासमोर ती कायम पुस्तकी बोलायची. त्या दिवशी माकुणसार आलं तिच्या तोंडात.

"मीठ मी घातलं होतं, चारू," मी बोलून टाकलं. "माडाला घालतो तसं. चार मुठी. ह्यांना सांगितलंय, तुला सांगायचं राहिलं होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता काय ते बोलेल आणि मी ऐकून घेईन, माझी पाळी हाय. पण ती खाली बसली, माझ्या ओल्या पदराला हात लावला, आणि मग बापाकडे वळली.

"घेऊन जाता का, बाबा?" ती बोलली. "तिकडे वाडीत बरं होईल ते. इकडे आमच्याकडून नाय जमलं." तिला वाटलं होतं, झाड न्यायलाच आलेत. तिने ते देऊन टाकायचं ठरवलं होतं, मला दिसलं. चार वर्षं जपलेलं ते एकच, ते पण द्यायला निघाली होती.

शांतारामभाऊंनी तांब्या खाली ठेवला. 

"नाय," ते बोलले. "आता परत जागा बदलली तर ही पाच पण टाकेल. त्याचं मूळ इकडे हाय आता. इकडेच राहू दे." मग चष्मा काढून ओल्या सदऱ्याला पुसायला लागले, तो अजूनच ओला झाला. "बघायला मलाच यायला लागेल."

चारुताने बापाच्या हातातून चष्मा घेतला आणि तिच्या कोरड्या ओढणीने पुसून दिला. कोणी रडलं का ते मी सांगणार नाय. मी चहा टाकायला उठले होते. आलं भरपूर घातलं.

सुजीतने संध्याकाळी सोफा सरकवला, अर्धा दारात आला, येता-जाता गुडघ्याला लागतो. झाड खिडकीत गेलं. शांतारामभाऊंचे नियम कडक. बोट मातीत दोन पेरं खुपसायचं, आत कोरडं लागलं तरच पाणी. खत नाय, औषध नाय, हलवाहलवी नाय. माझ्याकडे बघून बोलले, "आणि प्रेम पण जरा कमी." मी नाक मुरडलं, पण ऐकलं.

ते दर मंगळवारी यायला लागले. पहिले दोन मंगळवार दुपारी एकला, नंतर आपोआप पाचला. तिसऱ्या मंगळवारी शालूताई पण आली. त्यात झाडाने अजून दोन पानं टाकली. चारुता घाबरली, मी नाय घाबरले. पान उचललं, देठाचं टोक बघितलं, कोरडं, गुळगुळीत. "काम चालू हाय आत," मी तिला सांगितलं, जसं काय ते मीच शोधून काढलं होतं. रोज सकाळी चहा घेऊन मी त्या तीन पानांच्या काठीसमोर बसायचे. वरून बघाल तर कायच होत नव्हतं. महिना गेला, वर काय हललं नाय, आणि तरी मला कधी वाटलं नाय की ते रिकामं उभं हाय. समुद्र पण असाच असतो, वरून सपाट.

सातव्या आठवड्यात सोमवारी सकाळी शेंड्याला लाल टोक दिसलं. नखाएवढं. मी चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं. रबराचं नवं पान लाल म्यानात गुंडाळून येतं, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एवढ्या दिवसांत त्या काठीने हे आत घडवलं होतं, कोणाला न सांगता. मी चारुताला हाक मारली. ती दात घासता घासता आली आणि ब्रश तोंडात तसाच ठेवून उभी राहिली.

मंगळवारी शांतारामभाऊ आले. सगळे खिडकीजवळ जमलो, ते, शालूताई, सुजीत, चारुता, मी. त्यांनी वाकून कोंब बघितला. बोट लावलं नाय. खोड बघितलं, माती बघितली, बराच वेळ हसत राहिले, चष्म्याच्या आत.

"बरं झालं हे," ते बोलले. "आता ह्याला माझी गरज नाय. उगाच दर मंगळवारी एस.टी. कशाला करायची."

चारुताच्या हातातला चहाचा ट्रे जागच्या जागी थांबला. तिने तोंडावर कायच दाखवलं नाय, पण मी बाजारात तीस वर्षं माणसांची तोंडं वाचली हायत. शालूताईने खाली लादीकडे बघितलं. 

मी उठले. स्वयंपाकघरात गेले, वरच्या फळीवरचा डबा काढला आणि आणून टीपॉयवर ठेवला, शांतारामभाऊंच्या समोर, झाकण उघडून.

"काय हाय हे?" त्यांनी विचारलं.

"जाडं मीठ," मी बोलले. "अर्धा किलो शिल्लक हाय."

त्यांनी डब्याकडे बघितलं, झाडाकडे बघितलं, मग पोरीकडे बघितलं, नीट, पहिल्यांदा. आणि पुढे होऊन स्वतःच्या हाताने झाकण लावलं.

"विहीणबाई," ते बोलले, "डबा वर ठेवा. येतो मी मंगळवारी."